लेसर डायोड धरायचा कसा?

कामशेतच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचे शिबिर होते. प्रकाशाचे विवर्तन दाखवणारा प्रयोग मी घेणार होतो. एका शिक्षकांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडका सीडी प्लेअर आणला होता. त्यातला लेसर डायोड त्यांनी मोठ्या चिकाटीने सोडवला आणि तळहातावर ठेवून मला विचारले, "सर, हा आता धरायचा कशात?"

प्रश्न साधा होता. लेसरमध्ये प्रकाश कसा निर्माण होतो हे मी तासभर सांगू शकलो असतो, पण ५.६ मिलिमीटर व्यासाची ती टोपी कशात आणि कशाने बसवायची याचे उत्तर मजजवळ तयार नव्हते. त्या दुपारी माझ्याकडचे दोन डायोड माझ्याच हातून गेले. पहिल्याला मी पकडीने पितळी नळीत दाबले, तर त्याची काच फुटली. दुसऱ्याला चालू मंडलाच्या तारा जोडल्या. मंडलातील धारित्रात साठलेला विद्युतभार एकदम त्याच्यातून गेला. तो डायोड त्यानंतरही लालसर उजळत असे, पण लेसर म्हणून संपला होता.

घरी परतल्यावर मी लेसर डायोडचा इतिहास पुन्हा वाचला, आणि या वेळी निराळ्या नजरेने. तेव्हा लक्षात आले की त्या शिक्षकांचा प्रश्न हा या इतिहासातला एक मुख्य प्रश्न आहे.

आरसे घासणारा हात

१९६२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील एका परिषदेत गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून आश्चर्यकारक कार्यक्षमतेने अवरक्त प्रकाश मिळतो, असे निष्कर्ष मांडले गेले. श्रोत्यांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट हॉल होते. परतीच्या आगगाडीतच त्यांनी आकडेमोड सुरू केली. अशा डायोडपासून लेसर करायचा तर स्फटिकाच्या दोन समोरासमोरच्या बाजू एकमेकींना तंतोतंत समांतर आणि आरशासारख्या गुळगुळीत हव्यात.

येथे हॉल यांचा जुना छंद कामी आला. तरुणपणी त्यांनी हौसेने दुर्बिणी बनवल्या होत्या, त्यामुळे पृष्ठभाग घासून चकचकीत करण्याचे काम त्यांच्या परिचयाचे होते. मिलिमीटरहूनही लहान अशा स्फटिकाच्या बाजू त्यांनी घासून घेतल्या. १६ सप्टेंबर १९६२ रोजी, द्रवरूप नायट्रोजनच्या म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसच्या थंडीत, विजेचे अल्पजीवी स्पंद देऊन, पहिला अर्धवाहक लेसर चालला. त्याच शरद ऋतूत अमेरिकेतील आणखी तीन गटांनाही यश आले. त्यांपैकी निक होलोन्याक यांच्या लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसणारा, तांबडा होता.

पुढे घासण्याची जागा मोडण्याने घेतली. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक ठराविक प्रतलांवर सरळ दुभंगतो. बारीक ओरखडा काढून तो नीट मोडला की निसर्गतःच समांतर आरसे मिळतात. शाळेत आपण सैंधवाचा खडा फोडून सपाट बाजू दाखवतो, तोच हा गुण. आजही लेसर डायोडचे आरसे बहुधा असेच मिळवतात.

उष्णतेची अडचण

यानंतर आठ वर्षे गाडे अडले. डायोड थंडीत किंवा क्षणभरच चालत. कारण असे की लेसर सुरू होण्यासाठी विद्युतप्रवाह एका किमान मर्यादेपलीकडे जावा लागतो. डायोड तापला की ही मर्यादा वाढते. मग जास्त प्रवाह द्यावा लागतो, त्याने तो आणखी तापतो आणि हे चक्र त्याला मारूनच थांबते.

त्यावर उपाय दोन बाजूंनी झाला. एक म्हणजे स्फटिकाचे निरनिराळ्या पदार्थांचे थर रचून प्रकाश व विद्युतभार एका पातळ पट्टीत कोंडणे. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांनी या मार्गाने १९७० साली, नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारे डायोड केले. अल्फेरॉव यांना त्यासाठी २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. ती म्हणजे डायोडची बैठक. वाळूच्या मोठ्या कणाएवढा स्फटिक इंडियमसारख्या मऊ धातूच्या डागाने तांब्यावर, काही प्रयोगांत तर हिऱ्याच्या तुकड्यावर बसवत. पितळाच्या साधारण साडेतीनपट उष्णता तांबे वाहून नेते आणि चांगला हिरा तांब्याच्याही चार-पाच पट. डाग खाली पोकळ राहिला तर त्या जागी स्फटिक जळे. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने तो कण उचलून ठेवणाऱ्या तंत्रज्ञांची नावे मोठ्या शोधांच्या यादीत नाहीत, पण काम त्यांच्या हातांवाचून पुढे जात नव्हते.

तुर्भे ते खोडद

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला. तो वापरून तुर्भे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात सुमारे २० किलोमीटर अंतरावर प्रकाशाच्या साहाय्याने संदेशवहन करून दाखवण्यात आले.

पुणे जिल्ह्यातले उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडीने पकडलेला आकाशातला संकेत लेसर डायोड प्रकाशतंतूत सोडतो आणि तो मध्यवर्ती इमारतीत पोचतो. अशा तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतो. डायोड त्याच्यासमोरून एक-दोन मायक्रॉन सरकला तरी प्रकाश वाया जातो.

हौशी कारागिराचे हत्यार

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीस आला आणि लेसर डायोड घरोघरी गेला. डायोड लाखोंनी बनू लागले आणि त्यांच्या टोप्यांची मापे ठरून गेली: आधी ९ मिलिमीटर, मग ५.६. माप ठरले की हत्यार करता येते. हौशी लोकांनी ते केले.

हत्यार अगदी सोपे आहे. डायोडच्या बुडाला एक जाड कडा असते. वरची काच आणि खालच्या तीन तारा या नाजूक जागा, कडा तेवढी मजबूत. म्हणून दाबायचे ते फक्त कडेवर. पितळ किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्याला मधोमध भोक पाडायचे, की तारा त्या भोकात सुरक्षित राहतात आणि दांड्याचे तोंड कडेवर टेकते. समोरच्या नळीचे भोक कडेपेक्षा किंचित, केसभर कमी ठेवायचे. दोन्ही बेंच व्हाइसमध्ये एका रेषेत धरून हळूहळू आवळले की डायोड घट्ट बसतो. या घट्ट बसण्यातून तीन कामे साधतात: उष्णता धातूत उतरते, डायोड हलत नाही आणि तो भिंगासमोर सरळ राहतो.

सरळपणाचे महत्त्व एका हिशोबाने पटेल. भिंगाचे नाभीय अंतर ५ मिलिमीटर असेल आणि डायोड ०.१ मिलिमीटर बाजूला बसला, तर १० मीटरवरच्या भिंतीवर ठिपका २० सेंटिमीटर सरकतो.

कामशेतच्या एका लेथवाल्याला मी हे चित्र काढून दिले. त्याला लेसर ठाऊक नव्हता, पण भोक केसभर लहान का हवे हे त्याने मला न विचारता ओळखले. पुढच्या शिबिरात सहा डायोड बसले, एकही फुटला नाही. माझा दुसरा डायोड का मेला तेही मी तेव्हा समजावून सांगितले. ५ मिलिवॉटचा प्रकाश साधारण ३ चौरस मायक्रॉन एवढ्या आरशातून बाहेर पडतो. तेथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या दहा लाख पटींहून अधिक असते. प्रवाहाचा एक धक्का बसला की आरसा वितळतो. तेव्हा मनगट जमिनीला जोडलेले असावे आणि तारा जोडून झाल्यावरच वीज चालू करावी.

एक सावधगिरी

हे सारे वाचून कोणी जुन्या डीव्हीडी रायटरमधला डायोड वर्गात आणील, म्हणून स्पष्ट लिहितो: आणू नये. त्याची शक्ती शेकडो मिलिवॉट असू शकते. सीडी प्लेअरचा डायोड दुबळा असला तरी त्याचा ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही आणि डोळ्यातले भिंग तो दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते. ही इजा भरून येत नाही. पहिल्या शिबिरात त्या शिक्षकांचा डायोड मी परत घेतला, तेव्हा ते हिरमुसले. पण वर्गात चाळीस मुलांचे ऐंशी डोळे असतात.

वर्गासाठी १ मिलिवॉटहून कमी शक्तीचा, तसे खात्रीने लिहिलेला तांबडा डायोड वापरावा. मुले त्याच्या पाठीमागे बसतील अशी मांडणी असावी. मग तीच जुनी सीडी कामाला येते. डायोडचा झोत सीडीवर सरळ पाडा. ६५० नॅनोमीटरचा प्रकाश असेल, तर मूळ परतणाऱ्या झोताच्या बाजूला सुमारे २४ अंशांवर दुसरा ठिपका दिसेल. सीडीपासून १ मीटरवर पडदा धरला तर तो मधल्या ठिपक्यापासून सुमारे ४४ सेंटिमीटरवर पडेल. मुलांना फुटपट्टी द्या आणि सीडीवरच्या रेघांमधले अंतर काढायला सांगा. उत्तर १.६ मायक्रॉनच्या आसपास यायला हवे.

ते आले नाही तर गणित तपासण्याआधी डायोड घट्ट बसला आहे का ते पाहावे.