फाईल नेमकी असते कुठे?

मंडळी, या शनिवारचा विषय अगदीच घरगुती आहे. रोज आपण पिवळ्या फोल्डरवर डबल क्लिक करतो, आत अजून एक पिवळा फोल्डर, त्याच्या आत अजून एक, आणि शेवटी हवी ती फाईल. (किंवा नको ती. किंवा 'न्यू फोल्डर (३)'.) विंडोजवाले याला एक्सप्लोरर म्हणतात, मॅकवाले फाइंडर, आणि लिनक्सवाल्यांकडे नॉटिलस आणि डॉल्फिन आहेत, शिवाय त्यावरून होणारी भांडणंही. पण हे फोल्डर आले कुठून, पिवळेच का, आणि फाईल खरंच त्यांच्या 'आत' असते का, हे कॉलेजात कुणी धड सांगितलं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपराला आयनोड पाठ केला, लिहिला, विसरलो. गेल्या महिन्यात घरच्या एका कामामुळे हे सगळं परत उकरावं लागलं. त्या कामाकडे पुढे येतोच.

आधी एक साधा पत्ता बघा. खोली नंबर १४, दुसरा मजला, अमुक चाळ, खाडिलकर रोड, गिरगाव, मुंबई ४. आता हा उलटा वाचा. मुंबई, गिरगाव, रस्ता, चाळ, मजला, खोली. झाला की पाथ! पोस्टमन असाच एकेक फोल्डर उघडत जातो. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि 'मुंबई ४' चं ४००००४ झालं, दादर पश्चिमेचं २८ होतं ते ४०००२८, आणि आमच्या परळ-लालबागचं १२ होतं ते ४०००१२. जुनी माणसं अजून 'मुंबई बारा' म्हणतात आणि पत्र पोचतं.

कागद अशा उतरंडीत लावायची अक्कल काही कॉम्प्युटरबरोबर आली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातला मोडी कागद इतिहासकार कसा सांगतात? रुमाल नंबर अमुक, पुडकं नंबर तमुक. रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं बांधायचं कापड, आणि त्यावरून ते गाठोडंच. रुमालात पुडकी, पुडक्यात कागद, आणि असे हजारो रुमाल. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा त्यांच्याकडे सर्चबॉक्स नव्हता हे लक्षात घ्या. मुंबईतही १८२१ मध्ये सरकारी रेकॉर्ड ऑफिस सुरू झालं. ते दप्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. रोज समोरून बसने जाणाऱ्या निम्म्या लोकांना आत काय आहे याचा पत्ता नसतो. बाकी 'दप्तर' हा शब्द आपण पोरांच्या पाठीवर टाकला आणि फोल्डरसाठी 'धारिका', 'संचयिका' असले शब्द शोधत बसलो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. असो.

कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र रुमाल नाही, अमेरिकन ऑफिसातलं कपाट उचललं. १८९० च्या दशकात तिकडे कागद उभे लावायची खणांची कपाटं आली, आणि कागद धरायला जाड पुठ्ठ्याचे फोल्डर. हे फोल्डर आधी मनिला हेम्पपासून, म्हणजे फिलिपिन्सच्या अबाका धाग्यापासून करत. त्याचा रंग पिवळसर, म्हणून आपल्या स्क्रीनवरचे फोल्डर अजून पिवळे. १९८१ मध्ये झेरॉक्सच्या स्टार या मशीनवर टेबल, कागद, फोल्डर, खण असं अख्खं ऑफिस चित्रांत मांडलं होतं. अॅपलने ती कल्पना लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) मध्ये आणली.

आता गंमत ऐका. पहिल्या मॅकमध्ये फोल्डर दिसायचे, पण डिस्कवर ते नव्हतेच! सगळ्या फायली एकाच सपाट यादीत, आणि फोल्डर म्हणजे फाइंडरने वरून काढलेलं चित्र. त्यामुळे दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फायली ठेवता यायच्या नाहीत. खरे एकात एक बसणारे फोल्डर १९८५ मध्ये आले. आयबीएम पीसीचंही तसंच. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये डिरेक्टरी हा प्रकारच नाही. १० एमबीची हार्ड डिस्क आल्यावर एवढ्या फायली एका यादीत मावेनात, तेव्हा १९८३ मध्ये डॉस २.० ने डिरेक्टऱ्या आणल्या. मल्टिक्सवाल्यांनी झाडासारखी रचना १९६५ मध्येच कागदावर मांडली होती आणि युनिक्सने ती उचलली होती, पण घरगुती मशीनपर्यंत ती यायला अठरा वर्षं लागली. मग १९८६ मध्ये नॉर्टन कमांडर आला. निळा स्क्रीन, दोन बाजूंना दोन याद्या, डावीकडून उजवीकडे कॉपी. माझ्या मते आजवरचा सगळ्यात प्रामाणिक फाईल मॅनेजर तोच. कुठून कुठे चाललंय ते एका नजरेत दिसतं.

गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांचा काळ इथून सुरू होतो. नाव आठ अक्षरांचं, मग टिंब, मग तीन अक्षरं, आणि तेही रोमनमध्ये. लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, आरतीसंग्रह, सगळं आठ अक्षरांत कोंबायचं. विंडोज ९५ ने लांब नावं दिली, पण देवनागरीत नाव द्यायची सोय तेव्हाही नव्हती. आणि फाईलच्या आतलं मराठी कुठल्या तरी खास फॉन्टच्या सांकेतिक खुणांत. तो फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. म्हणजे 'सत्यनारायण' शोधलं तर नावातही सापडणार नाही आणि मजकुरातही नाही. फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे फक्त त्या डीटीपी ऑपरेटरला ठाऊक. तो गावाला गेला की दुकान बंद!

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली आणि प्रथमच एक्सप्लोररमध्ये 'आईची औषधं' असं नाव देता यायला लागलं. ती अक्षरं दिसायची मंगल फॉन्टमध्ये, आणि तो केला होता आपल्या मुंबईच्याच र. कृ. जोशी यांनी. एक्सपीत त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन टिकमार्क करून विंडोजची सीडी घालावी लागायची, हे ज्यांना आठवतंय त्यांना नमस्कार :) एक पाचर मात्र अजून आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे रोमनमध्ये २५५ अक्षरं, मराठीत काना-मात्रा-वेलांटी धरून फक्त ८५.

आता घरचं काम. माझे आजोबा लालबागला गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी कधी संपली हे घरात आजतागायत कुणाला नक्की सांगता येत नाही. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, ६,९२५ घरांची. त्यात आम्ही नव्हतो. पण पात्र ठरायचं तर कागद लागतात: तिकीट नंबर, लाल पास, हजेरी पास, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय. आजीने हे सगळं एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत ठेवलं होतं. रुमालच म्हणायचा. पण आजी गेल्यावर काही कागद काकांकडे, काही आत्याकडे, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने स्कॅन केले, फोटो काढले, एकमेकांना व्हॉट्सअॅपवर धाडले. माझ्याकडे जे आलं ते म्हणजे एक पेन ड्राइव्ह, तीन फोन आणि चारशेच्या वर फायली. नावं 'स्कॅन०००७' किंवा व्हॉट्सअॅपने ठेवलेली तारीख-नंबरची. त्यातही तारीख पाठवल्याची, पावतीची नव्हेच. 'डेट मॉडिफाइड'ने लावलं तर १९७४ ची पावती आणि परवाचं वीजबिल शेजारी शेजारी.

यात काकांना दोष देत नाही. आयफोनवर २००७ पासून २०१७ पर्यंत फाईल मॅनेजरच नव्हता, आणि बाकीच्या फोनमध्येही तो असतो पण कुणी उघडत नाही. आमच्या टीममध्ये आलेल्या इंटर्नला परवा 'फाईल कुठे सेव्ह केलीस?' विचारलं, तर म्हणाला, 'एक्सेलमध्ये'. इंजिनियर आहे बरं का तो.

काकांचं म्हणणं, नावाप्रमाणे फोल्डर कर. पण आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी. एकावर आडनाव, एकावर आडनावाऐवजी गावाचं नाव, एकावर इंग्रजीत भलतंच स्पेलिंग. पत्त्याप्रमाणे करावं, तर त्यांनी दोन खोल्या बदलल्या आणि त्यातली एक चाळ आता नाही. इथे मला तो विसरलेला आयनोड आठवला. युनिक्समध्ये फाईलला स्वतःचं नाव नसतंच. तिला असतो एक नंबर. डिरेक्टरी म्हणजे नुसतं एक रजिस्टर: हे नाव, हा नंबर. एकाच नंबराला दोन डिरेक्टऱ्यांत दोन नावं देता येतात. म्हणजे फाईल फोल्डरच्या 'आत' नसतेच, फोल्डरमध्ये फक्त तिची नोंद असते. म्हणून तर एकाच ड्राइव्हमध्ये दहा जीबीचा सिनेमा एका क्षणात हलतो (नोंद बदलली, संपलं) आणि पेन ड्राइव्हवर टाकायला घेतला की चहा पिऊन होतो. विंडोज ९५ च्या शॉर्टकटची भिस्त मुख्यतः पत्त्यावर, त्यामुळे फाईल हलवली की तो हमखास रुसायचा. मॅकने १९९१ मध्ये आणलेला एलियास फाईलचा नंबरही लक्षात ठेवायचा, म्हणून नाव बदललं तरी सापडायची.

मुंबईला ही गोष्ट सांगावी लागत नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तरी टॅक्सीवाल्याला दोन्ही नावं कळतात. चाळ पाडून टॉवर होतो, नाव बदलतं, खोली नंबर बदलतो, पण कागदोपत्री जमिनीचा सी. एस. नंबर सहसा तोच राहतो: अमुक नंबर, परळ-शिवडी डिव्हिजन. १८६५ ते १८७२ मध्ये लॉटन नावाच्या अधिकाऱ्याने शहर मोजलं, पुढच्या मोजणीत हे नंबर आले, आणि पुनर्विकासाच्या कागदांत आज तोच नंबर चालतो. चाळीचं नाव माणसांसाठी, पत्ता पोस्टमनसाठी, नंबर सरकारसाठी.

गिरणीत माणसाचाही असा नंबर होताच. तिकीट नंबर. मुकादम नावाने हाक मारो नाहीतर गावाने, पगार तिकिटावर. तेव्हा मुख्य फोल्डरला आजोबांचा तिकीट नंबर दिला. आत पावत्या, पास, निधी, ईएसआय एवढेच चार. फायलींची नावं आधी वर्ष, मग महिना, मग कागदाचा प्रकार, म्हणजे नावाने लावलं की आपोआप तारखेने लागतात. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. बदली कामगार असतानाचा पास वेगळ्या नंबराचा निघाला, त्याचा शॉर्टकट मुख्य फोल्डरमध्ये टाकला. चारशेतून डुप्लिकेट काढल्यावर कामाचे कागद निघाले फक्त एकसष्ट.

यादी वर्षाने लावल्यावर एक गोष्ट दिसली जी गाठोड्यात कधीच दिसली नसती. १९७४ ते १९८१ सलग पावत्या आहेत, मध्ये फक्त १९७८ चे सात महिने नाहीत. आत्या म्हणते त्या वर्षी आजोबा आजारी होते आणि तेव्हाचे ईएसआयचे कागद तिच्याकडे असतील, पलंगाखालच्या पेटीत. पुढच्या शनिवारी नालासोपारा.