परभणीकरांची जुनी राजधानी

दोन दिवसांची सवड काढून शहर पाहावे, चांगलेचुंगले खावे, खरेदी करावी, ही हौस परभणीला नवी नाही. १९५६ पर्यंत हे शहर म्हणजे हैदराबाद! जिल्हा निजामाच्या मुलखात होता, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद–मनमाड मीटरगेज मार्गाने राजधानी जवळ आणली.

मुंबई इलाख्यात जायचे तर सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात. शिवाय नाणे निराळे. सात हाली रुपये मोडले की जेमतेम सहा कलदार हाती येत. हैदराबादेत खिशातला रुपया तसाच चाले. मग लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या, पत्थरगट्टीचे मोती, इराणी हॉटेलातला चहा. शिंदीचेही शौकीन होतेच. तिच्यावर सरकारचा मोठा अबकारी महसूल उभा होता. आजच्या कॉकटेलवाल्यांना हा पूर्वज मानवेल का, कोण जाणे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. कचेऱ्यांचे कागद मुंबईकडे वळले, उर्दू दप्तर मागे पडले. पण रूळ उखडले गेले नाहीत. मुंबई आणि सिकंदराबाद जोडणारी देवगिरी एक्सप्रेस परभणीवरूनच जाते.