फाटक्या खिशातील नाणे

एका भुकेकंगाल माणसाला रस्त्यात एक नाणे सापडते. ते ऐटीत खिशात टाकून तो समोरच्या खाणावळीत शिरतो. खिसा फाटका असल्याने नाणे केव्हाच बाहेर गळून पडले आहे, हे आपल्याला दिसते. त्या बापड्याला मात्र पत्ता नाही. आत घेवड्याच्या उकडलेल्या दाण्यांची बशी मागवून तो खाऊ लागतो, आणि पाहतो तो काय, पलीकडे एकटीच बसलेली मुलगी त्याच्या ओळखीची! बोटीवर तिची आणि तिच्या आईची गाठ पडलेली. आनंदाने तो तिचा हात धरतो, तर त्या हातात काळ्या काठाचा रुमाल. तिकडे असा रुमाल सुतकाचा. आई गेली, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

चार्ली चॅप्लिनच्या ‘द इमिग्रंट’ ह्या मूकपटातला हा प्रसंग. १९१७ च्या जून महिन्यात तो पडद्यावर आला. अवघा दोन रिळांचा, वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. पण त्यात एक भरगच्च प्रेमकथा आहे, आणि तिच्यामागे एका देशाच्या दाराची कथा आहे.

आम्हां कादंबरीवाल्यांना नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे ही कथा उलटी जन्मली. चॅप्लिन त्या काळी लिहिलेल्या संहितेवर काम करीत नसे. कॅमेऱ्यापुढे करून पाहायचे, नाही जमले तर पुन्हा करायचे, अशी त्याची रीत. त्याने आरंभी घेतली ती खाणावळच. वाढप्याच्या कामाला हेन्री बर्गमन होता. पण वाढप्याचा धाक वाटल्याशिवाय बिलाची भीती कशी वाटणार? म्हणून त्याच्या जागी डोंगराएवढा एरिक कॅम्बेल आला. दहा सेंट कमी पडलेल्या गिऱ्हाइकाला तो आणि त्याचे सोबती असे बदडतात की चार्लीचा हात आपोआप खिशाकडे जातो, आणि खिशात भोक! इतके झाल्यावर प्रश्न उभा राहिला, हे दोघे एकमेकांना ओळखतात कसे? त्या उत्तरासाठी बोट आली. वगळलेल्या फिती दैवयोगाने टिकून राहिल्या, आणि केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी १९८३ साली ‘अननोन चॅप्लिन’ ह्या माहितीपटात त्या दाखविल्या, म्हणून हे सारे आपल्याला कळले.

बोटीवरचा आरंभच पाहा. कठड्यावरून वाकलेल्या चार्लीची पाठ हिसके देत असते. बिचाऱ्याला बोट लागली असे आपण म्हणतो, तोच तो वळतो आणि हातात मासा! पुढे ह्या मुलीच्या आईचे पैसे कुणी लांबवितो. चार्ली जुगारात जिंकलेल्या नोटा गुपचूप मुलीच्या खिशात सरकवितो. मग आपल्यालाही पोट आहे हे आठवून त्यांतल्या दोन-चार परत काढून घेतो, आणि नेमका तेव्हाच खिसेकापू म्हणून पकडला जातो. प्रेमातला इतका प्रामाणिक हिशेब मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

मग स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. सगळे भारावून पाहतात, आणि दुसऱ्याच क्षणी गुरे कोंडावीत तसा दोर त्यांच्यासमोर ताणला जातो. एका अंमलदाराच्या पार्श्वभागावर चार्ली हळूच लाथ हाणतो.

ह्या लाथेचे वर्ष ध्यानात घ्यावे. १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा नकार डावलून नवा कायदा केला होता. सोळा वर्षांवरील परदेशी माणसाला कोणत्यातरी भाषेत वाचता आलेच पाहिजे, ही त्यातली अट. आणि आशियाचा फार मोठा भाग, त्यात आपला हिंदुस्थानही, बंदीच्या रेषेत घातलेला. म्हणजे आपल्यापैकी कुणी मजूर तिकडे जाता, तर त्याला त्या दोरापर्यंतही पोहोचता आले नसते.

चॅप्लिन स्वतः काही असा निर्वासित नव्हता. १९१० साली फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीबरोबर तो अमेरिकेत गेला. पण लंडनला लँबेथच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी घरात बालपणाचे दिवस काढलेले पोर ते. भूक त्याला नकलेतून शिकावी लागली नाही. तिकडे तो धनवान झाला, पण नागरिकत्व त्याने कधी घेतले नाही. १९५२ च्या सप्टेंबरात ‘लाइमलाइट’च्या लंडनच्या पहिल्या खेळासाठी तो बायकामुलांसह ‘क्वीन एलिझाबेथ’ बोटीवर चढला, आणि बोट समुद्रात असतानाच त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. परत यायचे तर आपली वागणूक आणि राजकीय मते यांची तपासणी द्यावी, असा हुकूम. पस्तीस वर्षांपूर्वीची ती लाथही त्याच्या विरोधकांना आठवली, असे लिहिलेले आढळते. तो पुन्हा अमेरिकेत पाऊल टाकू शकला तो १९७२ मध्ये, ऑस्कर घ्यायला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

आणि ती मुलगी? ती एड्ना पर्व्हायन्स. नेव्हाडाची. १९१५ पासून तीसहून अधिक चित्रपटांत ती त्याची नायिका झाली, आणि त्या काळी पडद्याबाहेरही दोघांचे प्रेम होते. चित्रपटात एक चित्रकार त्यांना कामावर ठेवतो; बिलही मीच देतो म्हणतो, तर चार्ली शिष्टाचारापायी इतके नको-नको करतो की तो खरोखरच पैसे मागे घेतो! शेवटी त्याने वाढप्याला ठेवलेल्या बक्षिशीतून चार्ली आपले बिल चुकवितो. बाहेर धो-धो पाऊस. उसने घेतलेल्या पैशांत लग्नाचा परवाना निघू शकतो. ती लाजून मागे सरते, तो तिला उचलतो आणि कचेरीच्या दारातून आत नेतो.

प्रत्यक्षात ते दार उघडले नाही. १९१८ मध्ये त्याने दुसऱ्याच मुलीशी लग्न केले. पुढे एड्नाला कामेही मिळेनाशी झाली. पण त्याच्या कंपनीच्या पगारपत्रकावर तिचे नाव १९५८ पर्यंत, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत राहिले.