रत्नागिरी जिल्ह्यातील हायस्कुलांची पूर्वपीठिका

आज आपल्या जिल्ह्यात पुष्कळ खेड्यांतूनही हायस्कूल आढळते. मुलाने प्राथमिक शिक्षण पुरे केल्यावर त्यास पुढे कोठे धाडावे, ही विवंचना आईबापांस फारशी राहिलेली नाही. आपल्या पणज्यांची स्थिती मात्र अगदी निराळी होती.

1854 साली विलायतेहून वुडसाहेबांचा खलिता आला व 1857 साली मुंबईस विद्यापीठ निघाले. जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यी एक सरकारी हायस्कूल असावे, एवढेच सरकारचे साधारण धोरण. आता हा जिल्हा त्या काळी केवढा! बाणकोटच्या खाडीपासून थेट वेंगुर्ल्यापर्यंत. मध्ये खाड्या, तरी, घाट्या; आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. रत्नागिरी शहरी ज्याचे बिऱ्हाड वा नातलग, त्यासच ते हायस्कूल जवळचे. इतरांनी वार लावून जेवावे, नाही तर मराठी सहावीवर समाधान मानावे.

परीक्षेस बसणे हेच केवढे दिव्य होते, याची साक्ष मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी दिली आहे. सतराव्या वर्षी ते डोंगर ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षकांनी त्यांना परत लावले! पुढे मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेत शिकून 1881 साली ते मॅट्रिक झाले. लोकमान्य टिळकांचा जन्म 1856 साली रत्नागिरीचाच. परंतु 1866 साली वडिलांची बदली पुण्यास झाल्यामुळे त्यांचे हायस्कूलही पुण्याचेच. गावच्या शाळेस हा मान लाभला नाही याची हळहळ वाटते. तथापि पां. वा. काणे, ज्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पुढे जगप्रसिद्ध झाला, ते तरुणपणी येथील सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, हे थोडे नव्हे.

स्वतः काणे शिकले दापोलीस, मिशनच्या हायस्कुलात. ही शाळा एस. पी. जी. नामक अँग्लिकन मिशनची. पालगडचे साने गुरुजी याच शाळेचे विद्यार्थी. घरच्या गरिबीमुळे त्यांना पुढे औंधास जावे लागले. फी आणि जेवण या दोन गोष्टींपायी किती मुले वाटेतच गळाली असतील!

1882 साली हंटर कमिशन बसले. सरकारने दुय्यम शिक्षणातून हळूहळू अंग काढावे व खाजगी संस्थांस ग्रँट द्यावी, असा त्याचा अभिप्राय पडला. याचा उघड अर्थ असा की, ज्या गावी पैसा व पुढारी, त्या गावी शाळा. रत्नागिरीस फाटक हायस्कूल 1922 साली निघाले, व कॉलेज तर 1945 साली. तोपर्यंत मॅट्रिक झालेल्या मुलास मुंबईची आगबोट धरणे भागच होते.

पण सर्वच दोष अंतराच्या माथी मारणे न्यायाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दापोलीच्या महार पेन्शनरांनी, सरकारची पलटणीत चाकरी केलेल्या माणसांनी, आपली मुले म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज केले. मुले घेतली, ती पडवीत बसविण्यापुरती. 1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात मंजूर झाला आणि सरकारी शाळांची दारे कागदोपत्री सर्वांस खुली झाली. तरीही मुलांनी एका ओळीत सरमिसळ बसावे यासाठी त्यानंतरही या जिल्ह्यात शाळाशाळांतून खटपट करावी लागली. ज्याला मराठी शाळेतच पडवी, त्याला रत्नागिरीचे हायस्कूल किती कोस दूर होते, हे नकाशावरून मोजता येणार नाही.