राखलेला कागद, उघडलेला कागद : महाराष्ट्रातील दफ्तराचा इतिहास

सरकारी कचेरीत तयार होणाऱ्या प्रत्येक कागदाविषयी दोन निर्णय करावे लागतात : तो किती काळ राखायचा आणि कोणाला पाहू द्यायचा. पहिला निर्णय अभिलेख कक्षातील कारकुनाचा आणि दुसरा वरिष्ठ अधिकाऱ्याचा, अशी विभागणी वरवर दिसत असली, तरी महाराष्ट्रातील दफ्तराचा गेल्या अडीच शतकांचा इतिहास पाहता हे दोन्ही निर्णय एकमेकांत गुंतलेले होते आणि नागरिकाच्या हक्काचे बळ अखेरीस कागद राखणाऱ्या हातावरच अवलंबून राहिले, असे आढळते.

पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरात फडणिसाच्या देखरेखीखालील ‘चालते दफ्तर’ रोजचे व्यवहार सांभाळी, तर ‘एकबेरीज दफ्तर’ निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून राज्याच्या जमाखर्चाचा ताळेबंद मांडी. मोडी लिपीतील हे कागद चौकोनी कापडात बांधून ठेवले जात आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. हे दफ्तर रयतेला खुले नव्हते. मात्र वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, तंट्यात गावकरी व वतनदारांच्या गोतसभेपुढे होणारा ‘महजर’, म्हणजे जमलेल्यांच्या साक्षीने व निशाण्यांनी सिद्ध झालेला निवाडापत्राचा कागद, वतनदाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई, कारण हक्क टिकवायचा तर त्याचा लेखी पुरावा हाताशी असणे भाग होते.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढे इनाम कमिशनच्या काळात त्याला नवे महत्त्व आले. इनाम म्हणजे सारामाफीची किंवा सवलतीच्या साऱ्याची जमीन. 1852 च्या अकराव्या कायद्याने या कमिशनला अशा जमिनींवरील दाव्यांच्या छाननीचे कायदेशीर अधिकार मिळाले, तेव्हा इनामदाराने दाखवलेली सनद जुन्या रुमालांतील नोंदींशी ताडून पाहिली जाऊ लागली. ज्या कागदावर शेकडो घराण्यांचे उत्पन्न ठरत होते, तो कागद सरकारच्या एकट्याच्या ताब्यात होता, आणि नवे दावे उभे राहतील या धास्तीने पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात, म्हणजे इनाम जमिनींचे काम पाहणाऱ्या कचेरीत, ठेवलेले हे दफ्तर अभ्यासकांसाठीही दीर्घकाळ जवळपास बंदच राहिले. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे या संग्रहाचे दार अभ्यासकांना खऱ्या अर्थाने उघडले.

दरम्यान कागद दाखवण्याचे आणि नष्ट करण्याचे नियम कायद्यात उतरले होते. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 76 नुसार, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्याची प्रमाणित नक्कल फी घेऊन देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक झाले. त्याच कायद्याच्या कलम 123 ने मात्र राज्यकारभाराच्या अप्रकाशित कागदांना संरक्षण दिले आणि 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याने ही भिंत आणखी उंच केली. जुने कागद नष्ट करण्यासाठी 1879 मध्ये आणि नंतर 1917 मध्ये स्वतंत्र कायदे झाले. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत रूढ असलेली अ, ब, क, ड ही वर्गवारी याच गरजेतून आकाराला आली : ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून बऱ्याच कमी मुदतीचे आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभरात निकालात काढायचे. प्रकरण संपल्यावर त्यावर कोणते अक्षर घालायचे, हे ठरवणारा कारकून त्या कागदाचे आयुष्यच ठरवत असतो.

कागद पाहण्याच्या हक्काचे चित्र मात्र पुढे बदलले. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी केला आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा रेटा होता. 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्रीय कायदा अमलात आला आणि परंपरेचा क्रम उलटला : पूर्वी गुप्तता हा नियम आणि दर्शन हा अपवाद होता, आता उघडेपणा हा नियम झाला. नकार द्यायचा तर जन माहिती अधिकाऱ्याला कलम 8 मधील नेमका अपवाद सांगावा लागतो. तो लागू असला, तरी व्यापक लोकहित वरचढ ठरू शकते आणि कलम 10 नुसार संरक्षित मजकूर वगळून उरलेला कागद द्यावा लागतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीविषयीच्या अपवादाची जुनी मर्यादित शब्दरचना बदलून तो सरसकट केला, ही या इतिहासातील ताजी आणि चिंतेची घडामोड होय.

याच कलम 8 मध्ये अशी तरतूद आहे की, 20 वर्षांपूर्वीच्या घटनांविषयीच्या माहितीला, सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद वगळता, इतर अपवाद लागू होत नाहीत. परंतु ‘क’ वर्गात टाकलेला कागद त्याआधीच रद्दीत गेलेला असतो, त्यामुळे या उदार तरतुदीचा लाभ ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांपुरताच उरतो. नियमाप्रमाणे झालेला नाश आणि निष्काळजीपणाने कागद गहाळ होणे यांत मात्र मोठा फरक आहे. ‘अभिलेख सापडत नाही’ हा कलम 8 मधील अपवाद नाही, आणि 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात बेकायदा नाशासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. म्हणून पारदर्शकतेची चर्चा अपवादांच्या कलमांपाशी थांबवणे अपुरे आहे. प्रशिक्षित अभिलेखपाल, अद्ययावत सूची आणि विचारपूर्वक केलेली वर्गवारी यांवर खर्च करणे हा माहितीच्या अधिकाराच्या अंमलबजावणीचाच पहिला भाग मानला पाहिजे.