ओरायन अँड द डार्क

ओरायन अँड द डार्क : अंधाराच्या भीतीवरचा अमेरिकन अद्भुतरम्य ॲनिमेशनपट. निर्मिती ड्रीमवर्क्स ॲनिमेशनची, दिग्दर्शन शॉन चार्मॅट्झ यांचे आणि पटकथा चार्ली कॉफमन यांची. लांबी दीड तासाच्या आसपास. २ फेब्रुवारी २०२४ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. ब्रिटिश लेखिका-चित्रकार एमा यार्लेट यांच्या २०१४ साली निघालेल्या याच नावाच्या चित्रपुस्तकावर तो बेतलेला आहे. पुस्तक अगदी लहानांसाठीचे आहे. चित्रपटही मुलांसाठीच म्हणून काढलेला आहे, मात्र त्याची रचना मोठ्यांनाही कोड्यात टाकते.

ओरायन हा अकरा वर्षांचा शाळकरी मुलगा. त्याला भीती वाटत नाही अशी गोष्ट शोधावी लागेल. मधमाश्या, कुत्री, समुद्र, मोबाइलच्या लहरी, गटारात दबा धरून बसलेले खुनी विदूषक हे सगळे त्याच्या यादीत आहेच. शिवाय शाळेतल्या संडासाची साखळी ओढली तर तो तुंबून शाळाभर पाणी होईल, ही भीतीसुद्धा. वर्गातल्या सॅली नावाच्या मुलीशी बोलायचे म्हटले की त्याची ततपप होते. वर्गाची सहल तारांगणात जाणार असे कळल्यावर बाकीची मुले खूश होतात, हा मात्र तिथे काय काय विपरीत घडू शकेल याचे चित्र काढायला बसतो. त्याची एक चित्रवही आहे आणि तिच्यात सगळी भये रेखाटलेली आहेत. या वहीतली चित्रे पडद्यावर हाताने काढल्यासारख्या सपाट रेषांत हलू लागतात, तेव्हा चित्रपट सगळ्यात जिवंत वाटतो. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे हे सांगायला तिथे संवादाची गरज पडत नाही.

या सगळ्या भयांवर कळस अंधाराचा. रोज रात्री दिवा मालवायची वेळ आली की घरात तेच नाट्य. एका रात्री वीज जाते, ओरायन किंचाळतो आणि अंधार स्वतःच खोलीत येऊन उभा राहतो : प्रचंड देहाचा, डोक्यावरून काळा झगा पांघरलेला, चमकत्या डोळ्यांचा आणि भरपूर दातांचा. आता हा मुलाला गिळणार असे वाटते, पण तो बोलू लागतो ते तक्रारीच्या सुरात. जगात मला घाबरणारी मुले पुष्कळ आहेत, पण तुझ्याइतक्या मोठ्याने ओरडणारे कोणी नाही, आणि ते ऐकून माझे मन दुखते. मग तो मुलाला सोबत चलण्याचे आमंत्रण देतो. एक रात्र माझ्याबरोबर जगभर फिर, माझे काम बघ, मग ठरव.

यार्लेट यांच्या पुस्तकात जवळपास एवढीच गोष्ट आहे. भित्रा मुलगा, उतरून आलेला अंधार, दोघांची भटकंती आणि मैत्री. चाळीसेक पानांच्या पुस्तकाला एवढे पुरते. दीड तासाच्या चित्रपटाला पुरत नाही, आणि इथेच कॉफमन यांनी स्वतःची भर घातली.

पहिली भर रात्रीच्या मंडळींची. अंधार एकटा काम करत नाही, त्याच्या हाताखाली रातपाळीची पूर्ण तुकडी आहे. निद्रा लोकांना झोपवते, पण तिच्या पद्धती अंगाई गाण्याच्या नाहीत. उशीने दाबणे, क्लोरोफॉर्म हुंगवणे असा तिचा खाक्या. निद्रानाश डासासारखा कानाशी गुणगुणत नको त्या गोष्टींची आठवण करून देतो. शांतता इवलीशी आहे आणि आजूबाजूचे आवाज गिळत फिरते. अनाकलनीय आवाज करणारी एक अवाढव्य बाई आहे. रात्री जिन्यावर वाजणारे, पाइपात कुरकुरणारे सगळे तिचे. आणि गोड स्वप्ने विणणारी एक तेजस्वी आकृती. या पाचांत चांगले कोण आणि वाईट कोण असा निवाडा चित्रपट करत नाही. निद्रानाशसुद्धा आपले ठरलेले काम चोख करतो. भीतीच्या गोष्टीत हा समंजसपणा दुर्मीळ आहे. रात्री दचकवणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी आपली पाळी भरते आहे, ही कल्पना लहान मुलाला ‘भुते नसतात’ या वाक्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण भुते नसतात हे त्याला आधीच ठाऊक असते आणि तरी भीती वाटतच असते.

अंधाराचा खरा प्रतिस्पर्धी प्रकाश. तो पिळदार अंगाचा, स्वतःवर खूश असलेला आणि सगळ्यांचा लाडका. अंधार पुढे धावतो आणि प्रकाश मागून येतो. त्याने गाठले की अंधार विरून जाणार. दिवस-रात्रीची ही चकरी खगोलशास्त्राच्या दृष्टीने ढोबळ असली तरी चुकीची नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, म्हणजे दिवस आणि रात्र यांमधली सीमारेषाही तिथे तेवढ्याच वेगाने सरकते. ओरायन अंधाराच्या पाठीवर बसून पळतो ती शर्यत ही. पुढे रात्रीचे सहकारी अंधाराला सोडून प्रकाशाच्या बाजूला जातात, खचलेला अंधार पळायचे थांबवतो आणि विरून जातो. जगात अखंड दिवस सुरू होतो. सुरुवातीला सगळे आनंदात, मग हळूहळू झोपेवाचून तारवटलेले. शरीरशास्त्राचा आधार याला आहे : रात्री स्रवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक उजेडात दबते. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि तिथले लोक जाड पडदे ओढून रात्र घरातच तयार करतात.

दुसरी भर अधिक महत्त्वाची. गोष्ट रंगात आलेली असताना चित्रपट एकदम थांबतो आणि आपल्याला कळते की आतापर्यंतचे सारे मोठा झालेला ओरायन आपल्या मुलीला, हायपेशियाला सांगत होता. तीही अंधाराला घाबरते. मुलगी नुसते हुंकार देत बसणारी नाही. ती प्रश्न विचारते, बापाची चलाखी पकडते. आणि जेव्हा बापाला शेवट सुचत नाही, तेव्हा ती स्वतःच गोष्टीत शिरते. पडद्यावर आता अकरा वर्षांचा बाप आणि जवळपास त्याच वयाची लेक बरोबरीने धावताना दिसतात, आणि हरवलेल्या अंधाराला परत आणायचे काम दोघांवर येऊन पडते. मग नवा पेच : गोष्टीत अडकलेल्या मुलीने घरी कसे जायचे? तेव्हा टायको नावाचा एक मुलगा कालयंत्र घेऊन हजर होतो. तो हायपेशियाचा मुलगा निघतो. म्हणजे मोठी झालेली हायपेशिया हीच गोष्ट त्याला सांगते आहे आणि बापाने अर्धवट सोडलेला धागा नातू पुरा करतो आहे.

रात्री मुलांना गोष्ट सांगितलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. सांगणारा पेंगतो, ऐकणारे पोर टक्क जागे असते आणि ‘मग?’ म्हणून गोष्ट पुढे ढकलत राहते. कॉफमन यांनी त्या ‘मग?’ची पटकथा केली. नावेही सहज ठेवलेली नाहीत. ओरायन म्हणजे आकाशातले मृग नक्षत्र, हायपेशिया ही प्राचीन अलेक्झांड्रियातील गणिती आणि खगोलवेत्ती, टायको हे नाव सोळाव्या शतकातले डॅनिश ज्योतिर्विद टायको ब्राहे यांच्यावरून. तिघांचेही काम अंधार असल्याशिवाय चालणारे नाही. चित्रपट हे कुठेही समजावून सांगत बसत नाही, ते बरेच झाले.

कॉफमन यांचे नाव मुलांच्या चित्रपटाला जोडलेले पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या. ‘बीइंग जॉन माल्कोविच’ (१९९९), ‘अडॅप्टेशन’ (२००२) आणि मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारा ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ (२००४) हे त्यांच्या पटकथांवरचे चित्रपट. ‘अनॉमलिसा’ (२०१५) हा ड्यूक जॉन्सन यांच्यासोबत दिग्दर्शित केलेला बाहुल्यांचा ॲनिमेशनपट पूर्णपणे प्रौढांसाठीचा होता. ‘अडॅप्टेशन’मध्ये कथा अडली म्हणून पटकथाकार स्वतःच कथेत उतरतो, हायपेशिया करते ते याहून वेगळे नाही. मृत्यू, विस्मृती, आपण नसू तेव्हा काय, ही त्यांची नेहमीची काळजी इथेही ओरायनच्या तोंडून येते. फरक एवढाच की इथे ती काळजी करणारा मुलगा आहे, आणि त्याच्या वयाची मुले या गोष्टींचा विचार करतात हे कॉफमन गृहीत धरतात. दिग्दर्शक चार्मॅट्झ यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी त्यांनी ड्रीमवर्क्ससाठी ‘ट्रोल्स हॉलिडे इन हार्मनी’ (२०२१) हा दूरचित्रवाणीसाठीचा लघुपट केला होता.

ड्रीमवर्क्सच्याच ‘राइज ऑफ द गार्डियन्स’ (२०१२) या चित्रपटाशी तुलना केली की बदल लक्षात येतो. त्यात पिच ब्लॅक नावाचा बागुलबुवा मुलांची स्वप्ने काळवंडवतो आणि शेवटी हरतो. अंधार म्हणजे खलनायक, हिशेब सरळ. पिक्सारच्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’ने (२००१) तो हिशेब उलटा केला आणि कपाटातल्या राक्षसांनाच मुलांची धास्ती घातली. ‘ओरायन’मध्ये कोणी हरत नाही. शेवटीही ओरायनची भीती जात नाही, तो भीतीसकट चालायला शिकतो. प्रौढ ओरायनही काही निर्धास्त झालेला दाखवलेला नाही.

प्रत्यक्षात अंधाराची भीती साधारण तीन वर्षांच्या सुमारास, कल्पनाशक्ती जोर धरते तेव्हा, दिसू लागते आणि बहुतेकांची शाळेच्या वयात ओसरते. ती जीवन अडवण्याइतकी वाढली तर तिला निक्टोफोबिया म्हणतात. प्रयोगांत असे दिसले आहे की अंधारात माणसाची दचकण्याची प्रतिक्रिया तीव्र होते. निशाचर उंदरांत नेमके उलटे : प्रखर उजेडात ते जास्त दचकतात. म्हणजे अंधारात अंगभूत असे भयानक काही नाही, कोणाचे डोळे कशासाठी घडले आहेत यावर सारे अवलंबून. आपल्या डोळ्यांतल्या मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींना पूर्ण जुळवून घ्यायला अर्धा तास लागतो. दिवा गेल्यावरचा पहिला क्षण म्हणूनच सर्वांत वाईट. उपचारांत मुलाला थोडा थोडा वेळ, त्याच्या कलाने अंधारात राहायची सवय लावतात. चित्रपटातल्या अंधाराची योजना याच्या विरुद्ध, एका दमात रात्रभराची आहे. मानसोपचारतज्ज्ञ तिच्यावर सही करणार नाहीत.

ओरायनचा आवाज जेकब ट्रेम्बले याचा, तर अंधाराचा पॉल वॉल्टर हाउझर यांचा. हाउझर यांनी अंधाराला दिलेला किंचित लाडिक, चटकन हिरमुसणारा सूर चित्रपट तोलून धरतो. हाच आवाज घोगरा आणि गूढ झाला असता तर सगळी कल्पनाच कोसळली असती. प्रौढ ओरायन कॉलिन हँक्स यांचा, स्वप्ने अँजेला बॅसेट यांची, शांतता भारतीय वंशाच्या विनोदकार अपर्णा नांचर्ला यांची आणि प्रकाश आइक बॅरिनहोल्ट्झ यांचा. सर्वांत खुसखुशीत निवड जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांची. आपल्याविषयीचे गैरसमज दूर व्हावेत म्हणून अंधाराने स्वतःवर एक माहितीपट काढलेला असतो. त्याचे निवेदन हेर्झोग यांच्या सुप्रसिद्ध उदास आवाजात आहे आणि श्रेयनामावली त्या कलेतले नामवंत सॉल बास यांच्या नावावर खपवली आहे. बास १९९६ सालीच वारले.

चित्रांकनाचे काम पॅरिसच्या मिक्रोस ॲनिमेशनने केले. हाताशी पैसा मर्यादित असावा असे काही प्रसंगांत जाणवते. गर्दीची दृश्ये थोडी आणि रस्ते ओस. रात्रीचे रंग मात्र मेहनतीने केलेले आहेत. सपाट काळा जवळपास कुठे नाही, जांभळा, गडद निळा, शेवाळी अशा छटांतून अंधाराचा झगा उलगडतो. मिक्रोस ज्या टेक्निकलर समूहाची होती तो समूह २०२५ च्या फेब्रुवारीत कोसळला. समूहाच्या बंगळूरच्या कचेऱ्यांतील ॲनिमेशन आणि दृश्यपरिणामांच्या कलावंतांनाही त्याची झळ पोचली.

समीक्षकांनी चित्रपटाचे एकूण स्वागत केले. तक्रार आली ती शेवटच्या अर्ध्या तासाविषयी, आणि ती रास्त आहे. कालयंत्र आल्यावर गोष्ट इतक्या वेगाने गुंडाळली जाते की अंधार आणि ओरायन यांची मैत्री, जिच्यासाठी आपण बसलेलो असतो, ती कडेला पडते. चित्रपटगृहांचे नियमित प्रदर्शन टाळून तो थेट घरच्या पडद्यावर गेला, हेही त्याच्या वाट्याला आलेले दुर्दैव. अंधाऱ्या सभागृहात या अंधाराची किंमत वेगळी झाली असती. सहा-सात वर्षांखालील मुलांना गोष्टीतली गोष्ट आणि तिच्यातली गोष्ट असा गुंता झेपत नाही. त्यांच्याबरोबर घरातले कोणी मोठे बसलेले बरे, हेर्झोगच्या निवेदनाला हसायला तरी.