मॅडिसनच्या पाट्या

शिकागोला ऑनसाइट आलेला मराठी माणूस वीकेंडला काय करतो? आधी डाऊनटाऊन, मग नायगारा, मग इंडियन ग्रोसरी. मी या तिन्ही गोष्टी उरकल्यावर एका शनिवारी पहाटे गाडी काढली आणि वायव्येला अडीच तास हाणत मॅडिसनला पोचलो. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ६९ हजार, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव :) विद्यापीठात मात्र ५० हजारांच्या आसपास विद्यार्थी.

गाव वसलंय मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर. पट्ट्याच्या मधोमध पांढऱ्या घुमटाचं कॅपिटॉल, तिथून स्टेट स्ट्रीट नावाचा रस्ता सरळ विद्यापीठात जातो.

पण हे गाव जन्मलं कसं ते ऐका. १८३६ साली इथे गाव असं काही नव्हतंच. जेम्स डोटी नावाच्या माजी न्यायाधीशाने भागीदारांबरोबर इथली हजारेक एकर जमीन घेतली, कागदावर शहराचा नकाशा काढला, त्याच वर्षी वारलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचं नाव दिलं आणि नकाशा घेऊन थेट बेलमाँटला गेला. तिथे विस्कॉन्सिन टेरिटरीचं कायदेमंडळ राजधानी कुठे करायची यावर भांडत बसलं होतं. थंडी मरणाची. डोटीने सदस्यांना रानगव्याच्या कातड्याची पांघरुणं वाटली आणि बऱ्याच जणांना नव्या शहरातले चांगले प्लॉटही दिले. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं, राजधानी मॅडिसन! ब्रोशर बघून फ्लॅट बुक करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. दोन वर्षांनी आमदार इथे आले तेव्हा इमारत अर्धवट होती आणि तळघरात डुकरं होती. एखादा सदस्य फार बोलायला लागला की दुसरा फटीतून काठीने डुकरांना डिवचायचा, म्हणजे त्या कल्लोळात भाषण बंद, असं सांगतात. (आमच्या स्टेटस मीटिंगला ही सोय हवी.)

असो. डोटीच्या नकाशात एक गोष्ट नव्हती. ही जमीन हो-चंक लोकांची होती. ते तिला 'देजोप' म्हणतात, म्हणजे चार तळी. १८३२ मध्ये दडपणाखाली झालेल्या करारात ती त्यांच्याकडून गेली. नंतर सरकारने त्यांना पुन्हा पुन्हा हुसकावलं, पण ते पुन्हा पुन्हा परत आले. हजारेक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी बांधलेले पशुपक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे आजही कॅम्पसवर आहेत. त्या कराराबद्दल स्पष्ट बोलणारी पाटी विद्यापीठाने बास्कम टेकडीवर लावली २०१९ मध्ये. वजाबाकी मी केली : १८७ वर्षं.

टेकडीवर चढलं की बास्कम हॉलच्या दाराशी दुसरी पाटी आहे, जास्त प्रसिद्ध. रिचर्ड इली हे इथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १८९४ मध्ये राज्याच्या शिक्षण अधीक्षकानेच त्यांच्यावर आरोप केला, की हे संपांना पाठिंबा देतात. चौकशी झाली, इली सुटले आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाने अहवालात लिहिलं की सत्य शोधायचं तर चाळणं आणि पाखडणं निर्भयपणे चालू राहिलं पाहिजे. सूप हातात घेतलेली आजी मला तिथे पटकन आठवली. गंमत म्हणजे १९१० च्या विद्यार्थ्यांनी हेच शब्द ब्राँझमध्ये ओतून भेट दिले, तर मंडळाने पाटी लावायला नकार दिला! भिंतीवर चढायला १९१५ उजाडलं.

तिसऱ्या पाटीजवळ मी जास्त वेळ थांबलो. बास्कमच्या मागे थोडं चाललं की स्टर्लिंग हॉल. व्हिएतनाम युद्धाच्या काळात इथे लष्कराच्या पैशावर चालणारं गणित संशोधन केंद्र होतं. २४ ऑगस्ट १९७० च्या पहाटे चार तरुणांनी स्फोटकांनी भरलेली व्हॅन इमारतीला लावून उडवली. रात्री इमारत रिकामी असेल असा त्यांचा अंदाज होता. तळघरात रॉबर्ट फासनाख्ट नावाचे ३३ वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. लष्कराच्या केंद्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. घरी बायको आणि तीन लहान मुलं. चौघांपैकी तिघे पकडले गेले, चौथा लिओ बर्ट आजतागायत सापडलेला नाही. फासनाख्ट यांच्या नावाची पाटी लागली २००७ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी.

रिलीजच्या आदल्या रात्री ऑफिसात एकटा बसलोय असं माझंही कितीदा झालंय. 'रात्री तिथे कोणी नसतं' हे गृहीतक किती सहज केलं असेल! युद्ध थांबावं म्हणून निघालेली ही मुलं, त्यांचा मुद्दा मला पटतोही. पण त्या इमारतीसमोर उभं राहून त्यांची बाजू घेता येत नाही, निदान मला आली नाही.

आपल्या हरगोविंद खुराणांची पाटी मी शोधत बसलो नाही, पाय दुखत होते. ते १९६० ते १९७० इथे होते आणि १९६८ चं नोबेल त्यांना इथे असतानाच मिळालं.

जायचं तर उन्हाळ्यात शनिवारी सकाळी जा. कॅपिटॉलभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे ताजे चीज कर्ड्स घ्या. दाताखाली कुरकुर वाजले म्हणजे ताजे. मग बॅबकॉक हॉलचं आइस्क्रीम. संध्याकाळी मेमोरियल युनियनच्या मागे तळ्याकाठी रंगीत लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथे जागा मिळाली तर सोडू नका. परतताना मला रॉकफर्डपर्यंत पाऊस लागला.